बेळगावकडच्या घरगुती सुतारकामाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात नोकरीतून निवृत्त झालेला माणूस मागच्या पडवीत रंधा घेऊन बसला तर कुणाला नवल वाटत नाही. नातवाला पांगुळगाडा, लेकीला देव्हारा, सुनेला पोळपाट, भाच्याच्या लग्नाला चौरंग. बहुतेकांनी हे तरुणपणीच सुरू केलेलं असतं आणि हात चालतात तोवर ते सुटत नाही. याला आपण छंद म्हणतो. पण या छंदातून काय काय तयार होतं ते बघा. पाट, चौरंग, पाळणा, देव्हारा, काठवट ही यादी छंद करणाऱ्याने ठरवलेली नाही. ती गावच्या सुताराकडून आली आहे.

बलुतेदारीत सुताराचं घराशी वर्षभराचं नातं असे. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती बलुत्यात, म्हणजे सुगीला मिळणाऱ्या धान्यावर. नवी गाडी किंवा घराचं काम असेल तर मजुरी वेगळी. लाकूड शेतकऱ्याचं, हात सुताराचा. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात बांधावरची बाभूळ वापरायची. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊसही भरपूर आणि झाडांची निवडही मोठी: साग, शिसव, ऐन, किंदळ, फणस. आजही घरगुती काम करणारा हीच वाटणी पाळतो. लाटण्याला बाभूळ किंवा शिसव, देव्हाऱ्याला साग किंवा फणस, खेळण्याला हलकी शिवण.

हे नातं एका फटक्यात तुटलं नाही. त्याची एक सुरुवात बेळगाव शहरातच झाली, याची आठवण फार कमी लोक ठेवतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान घातलं. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर इथेच तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपायला वेळ लागला. १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर गेला, पण लोखंडी नांगर मागे फिरला नाही. लाकडी नांगर गेला तसं सुताराचं बलुतंही पातळ होत गेलं. तो रोख मजुरीवर दारं-खिडक्या करू लागला, शहरात आला. पाळणा आणि पाट ही किरकोळ कामं मग घरातल्याच कुणीतरी अंगावर घेतली. मला हे या छंदाचं खरं मूळ वाटतं. फावल्या वेळेचा भाग नंतर आला.

दुसरा बदल लाकडाचा. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातला साग सरकारी झाला. रेल्वे आली, लोंडा जंक्शन झालं आणि दांडेलीकडचा सागवान वॅगन भरभरून बाहेर जाऊ लागला. जंगलाशेजारच्या माणसालाही डेपोतल्या लिलावाचंच लाकूड घ्यावं लागलं. राज्य बदललं, कायदे बदलले. कर्नाटकचा १९६३ चा वन कायदा आणि १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आला, आणि परसातलं झाड तोडायचं तरी आधी परवानगीचा विचार करायची वेळ आली. २०११ मध्ये खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य जाहीर झालं. जंगलासाठी हे सगळं गरजेचं होतं, यात मला शंका नाही. त्यामुळे घरगुती सुतार मात्र जंगलाकडे पाठ करून परसाकडे वळला, आणि परसात फणस होता.

फणसाचं लाकूड एकदा हाताळलेला माणूस ते विसरत नाही. नुकतं रंधलेलं फळकूट हळदीसारखं पिवळंजर्द असतं. उजेड-वारा लागून ते हळूहळू मधाळ होतं, मग तांबूस-तपकिरी. सागाला ज्या करवतीने कापायचं तिच्या दातांची धार लवकर जाते, कारण सागात वाळूचाच घटक असलेली सिलिका असते. फणस त्या मानाने हाताला सोपा. फक्त तो वाळवावा लागतो नीट. खानापूरच्या पावसाळ्यात ओल पिऊन लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं. घाईने केलेला खण जूनमध्ये अडकतो आणि मार्चमध्ये खडखडतो. म्हणून जुनी माणसं फळ्या माळ्यावर, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचतात आणि दोन पावसाळे जाऊ देतात. देव्हाऱ्याची पाठ ते खाचेत मोकळी बसवतात, सरस लावून जाम करत नाहीत, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते.

शाळेचाही यात वाटा आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती शिक्षणाची आखणी केली, त्यात सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने ही कल्पना उचलून धरली. असाच विचार स्वीडनमध्ये त्याआधीच रुजला होता. ऑटो सालोमनच्या ‘स्लॉइड’ पद्धतीत मुलाने घरात उपयोगी पडेल अशीच वस्तू करायची असा दंडक होता. आपल्याकडे हा प्रयोग फार खोल गेला नाही. पण ज्यांना शाळेत रंधा आणि पटाशी हातात मिळाली, त्यांच्यासाठी सुतारकाम एका जातीचा धंदा उरलं नाही. ही गोष्ट छोटी नव्हे.

त्यानंतरचा टप्पा मला सर्वात जवळचा वाटतो: बेळगावची औद्योगिक वसाहत उद्यमबाग आणि तिथल्या फाउंड्र्या. बेळगाव ओतकामाचं गाव आहे. लोखंड ओतायचं तर आधी वाळूत साचा हवा, आणि साच्यासाठी हुबेहूब आकाराचा लाकडी पॅटर्न. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आटतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वाळूतून अलगद निघावा म्हणून कडांना किंचित उतार द्यायचा. पॅटर्नमेकरकडे त्यासाठी आटीचा हिशेब धरूनच आखलेली वेगळी पट्टी असते. अशा हातांनी घरी पाळणा केला की त्याचे गज एकमेकांशी केसभरही कमी-जास्त होत नाहीत. कुसू, म्हणजे गजाच्या टोकाची जीभ, खाचेत बसतं ते हातोडीच्या एका ठोक्यावर, आणि वर खिळा मारायची गरज पडत नाही. आता पॅटर्न ॲल्युमिनियमचे आणि सीएनसीवरचे, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरचे, होऊ लागले आहेत. लाकडावरची नोकरी संपली, तरी लाकूड घरी टिकलं.

खेळण्यांचा धागा दोन बाजूंनी आला. घाटाखाली सावंतवाडीची रंगीत लाकडी फळं आणि भातुकली, तर इकडे गोकाकची हलक्या लाकडाची खेळणी. आजोबांनी नातीसाठी केलेल्या भातुकलीत मला दोन्हीकडची वळणं दिसतात.

मधल्या काळात प्लायवूड आणि सनमायका आला, फेविकॉल आला. सरस उकळायचा त्रास गेला हे बरंच झालं. कपाट आणि किचन आता प्लायवूडचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडेच जातं. लाकडासाठी घरगुती कारागीर दोन ठिकाणी जातो. एक, लागवडीतलं अकेशिया. ते स्वस्त आणि टणक असतं, पण वाळताना फाटतं, त्याला धीर लागतो. दुसरं, पाडलेल्या जुन्या घराचं लाकूड. शंभर वर्षं छपराखाली राहिलेली तुळई आटून-फुगून स्थिरावलेली असते. खिळे काढायचे आणि कामाला लागायचं. म्हणून गल्लीत घर पाडायचं ठरलं की छंद असलेला माणूस कंत्राटदाराशी बोलतानाच सांगून टाकतो की दाराच्या चौकटी आणि तुळया आम्ही ठेवून घेणार, बाकी माल तुमचा.