१९२४ च्या झेंड्यात केशरी नव्हता : जुन्या फोटोंना रंग देण्यामागचा इतिहास

१७ जानेवारी, १ जून, १ नोव्हेंबर. सीमालढ्यातल्या हुतात्मादिनांच्या आणि काळ्या दिनाच्या या तारखा जवळ आल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुने फोटो फिरायला लागतात. अलीकडे त्यातले बरेचसे रंगीत होऊन येतात. मूळ कृष्णधवल, रंग मोबाइलमधल्या ॲपचा. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली, तेव्हापासून तर टिळकवाडीचा तो मंडप, गांधीजी, इथले काँग्रेस पुढारी गंगाधरराव देशपांडे हे सगळेच रंगात बघायची हौस वाढली आहे. हौसेला हरकत नाही. पण त्या फोटोंत कुठे झेंडा दिसला, की ॲप असो वा माणूस, वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा भरून मोकळा होतो.

१९२४ साली तो झेंडा तसा नव्हता. १९२१ पासून काँग्रेसच्या सभांतून फिरणाऱ्या स्वराज्याच्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा होता, आणि तिन्हींवर पसरलेला चरखा. केशरी-पांढरा-हिरवा ठरला १९३१ मध्ये. गंमत म्हणजे ही चूक पकडायला पुस्तक उघडावं लागत नाही, फोटोतला करडा रंगच बोलतो. सर्वांत उजळ पट्टा वर असेल आणि खाली येता येता झेंडा गडद होत असेल, तर तो जुना. मधलाच पट्टा उजळ असेल तर १९३१ नंतरचा. रंग भरण्याआधी एवढं बघायला अर्धा मिनिट पुरतो. तरी ते बघितलं जात नाही, आणि मग गांधीजींनी ज्या एकमेव अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं, ते चुकीच्या झेंड्याखाली शेअर होत राहतं.

रंग फोटोत नसतो, तो बाहेरून आणावा लागतो. कुठून आणला आणि कुणाला विचारून आणला, हाच या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

फोटोला रंग देण्याची खटपट फोटोइतकीच जुनी. १८३९ मध्ये पॅरिसला डॅगेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो काढायच्या पद्धतीची घोषणा झाली, आणि दोन-तीन वर्षांतच स्वित्झर्लंडचा योहान बाप्टिस्ट इझेनरिंग त्या आरशासारख्या पत्र्यावर डिंक मिसळलेली रंगाची पूड बसवू लागला. गालावर जरा गुलाबी, दागिन्यावर जरा सोनेरी. लोकांना फोटो आवडला होता, पण त्यातला मेल्यासारखा चेहरा आवडला नव्हता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्यानंतर हिंदुस्थानात या रंगकामाने वेगळंच वळण घेतलं. युरोपात रंगाचा हात हलका असे, खालचा फोटो दिसत राही. आपल्याकडे लघुचित्रं काढणारे, दरबारी चितारी या कामात आले आणि त्यांनी फोटोवर अपारदर्शक रंगाचा थर चढवला. कधी कधी चेहरा तेवढा फोटोचा, बाकी पागोटं, गालिचा, मागचा पडदा सगळं ब्रशाचं. कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतच्या संस्थानी पट्ट्यात अशी चित्रं लावायची हौस होती, आणि चेहरा हुबेहूब उतरवणाऱ्या चित्रकारांची परंपराही इथली दांडगी. बेळगावात के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली रवी परांजप्यांसारखे चित्रकार तयार झाले, ते याच मातीत.

सरकारी फोटो मात्र बिनरंगाचेच राहिले. जेम्स बर्जेसने पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला अहवाल १८७४ मध्ये काढला, तो नेमका बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांचा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या दगडी इमारतींना रंगाची फारशी गरजही नाही. काळ्या दगडाचा करडा फोटो बराचसा खराच असतो.

माणसांच्या फोटोचं तसं नाही, आणि इथे रसायनशास्त्र आडवं येतं. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना निळाच प्रकाश दिसे. त्यामुळे आकाश पांढरंफटक, आणि लाल, पिवळं, भगवं सगळं काळपट. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना हिरवा दिसू लागला, लाल तरीही नाही. सगळे रंग पकडणारी पँक्रोमॅटिक प्लेट १९०६ च्या सुमारास विकायला आली, पण ती सर्रास व्हायला पुढची दोन-तीन दशकं गेली. आता आपल्याकडच्या एखाद्या जुन्या फोटोतली बाई बघा. कपाळावरचं कुंकू काळं. इरकलीचा लाल पदर काळा. चंद्रकळा तर मुळातच काळी, तिचा लाल काठही काळा, म्हणजे काठ कुठे सुरू होतो तेच कळत नाही. हळदीच्या दिवशीचा फोटो असेल तर नवरीचा चेहरा उगाचच सावळा. पँक्रोमॅटिक फिल्मची अडचण उलटी. तिच्यावर हिरवा आणि लाल जवळजवळ एकाच करड्यात उतरू शकतात, म्हणून हिरव्या साडीचा लाल काठ अंगात विरून जातो. एकच साडी, दोन फिल्म, दोन वेगळे खोटेपणे.

स्टुडिओवाल्यांना हे ठाऊक होतं. म्हणून हाताने रंग भरायच्या काळात रंग देणारा आधी गिऱ्हाइकाला विचारत असे. साडी कुठली, काठ कुठला, डोळे घारे की काळे, फेटा कुठल्या रंगाचा. पाकिटावर नाहीतर प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीने दोन शब्द लिहून ठेवायचे. मग काम सुरू. आधी निगेटिव्हवर रिटचिंग : टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण, सुरकुत्या बुजवायच्या. मग ब्रोमाइडचं एन्लार्जमेंट, शक्यतो मॅट कागदावर, कारण गुळगुळीत कागदावर रंग धरत नाही. रंग चढायला सोपं जावं म्हणून बऱ्याचदा प्रिंट सेपिया करून घेत. सेपियात चांदीचं चांदीच्या सल्फाइडमध्ये रूपांतर होतं, काळी सावली तपकिरी होते, आणि तपकिरीवर कातडीचा रंग जिवंत दिसतो. मग काडीला गुंडाळलेल्या कापसाने मोठ्या जागा आणि बारीक ब्रशाने ओठ, कुंकू, काठ. पारदर्शक रंग पातळ पातळ थरांत चढवायचा. चुकला तर लगेच टिपायचा, वाळला की गेला. नथीचा मोती पांढऱ्या रंगाच्या एका ठिपक्याने उठवायचा, आणि तो ठिपका सगळ्यात शेवटी.

आमच्या आज्जीचा लग्नानंतरचा असा एक फोटो आहे, पण बिनरंगाचा. पैसे जास्त पडतात म्हणून आज्जाने रंग नको म्हणाले होते. पुतणीने तो ॲपमध्ये घातला. नऊवारी निघाली फिक्कट जांभळी, काठ तपकिरी. आज्जीने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, “ही कुणाची गं साडी? माझी हिरवी होती की, शहापूरची. काठ लाल. आणि हातात चुडा हिरवा, तो कुठं गेला?” शहापूर, वडगाव, खासबागच्या मागावर निघालेल्या साड्या नेसून इथल्या किती बायका फोटोला उभ्या राहिल्या असतील. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, बेळगावाला चिकटून. ॲपला ना शहापूर माहीत, ना लग्नाची साडी हिरवी असते हे माहीत.

ॲपला हे का माहीत नाही, ते समजायला जरा मागे जावं लागतं. रंगीत फोटो काढायची सोय तशी जुनी. लुमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ ची, कोडॅक्रोम १९३५ चं. आपल्या भागात सामान्य घरांत रंगीत फोटो आले ते सत्तर-ऐंशीच्या दशकांत, आणि तेच आज सर्वांत वाईट अवस्थेत आहेत. त्यातला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा फोटो लालसर-पिवळा होतो. १९४० चा कृष्णधवल फोटो अजून खणखणीत, आणि १९८२ चा रंगीत फोटो ओळखू येईना, हे बहुतेक घरांत दिसेल.

संगणकाने रंग भरायचं काम कॅनडातल्या विल्सन मार्कल यांनी १९७० च्या दशकात आकाराला आणलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत टेड टर्नर जुने चित्रपट रंगवून दाखवू लागले, तेव्हा दिग्दर्शक चवताळले. प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं, आणि १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय यादीतला चित्रपट रंगवला तर तशी सूचना लावणं बंधनकारक केलं. आपल्याकडे १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन थिएटरात आला. तोपर्यंतच्या या कामात निदान माणूस बसून ठरवत होता की हा अंगरखा कुठल्या रंगाचा.

२०१६ पासून तेही बदललं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कला, म्हणजे नमुने बघून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला, दहा लाखांहून जास्त रंगीत फोटो दाखवून शिकवलं. पद्धत सरळ आहे. रंगीत फोटोतला उजेड-अंधाराचा भाग वेगळा काढायचा, तेवढाच मशीनला द्यायचा आणि रंगाचे उरलेले दोन भाग ओळखायला सांगायचं. चुकलं की सुधारायचं. २०१८ मध्ये जेसन अँटिकचं रंग भरणारं सॉफ्टवेअर डीओल्डिफाय आलं, २०२० मध्ये वंशावळीची वेबसाइट मायहेरिटेजने ते घराघरात नेलं. गवत हिरवं, आकाश निळं, कातडी कातडीसारखी, हे मशीन छान शिकतं, कारण ते सगळीकडे सारखं असतं. साडी मात्र लाल असू शकते, हिरवी असू शकते, जांभळी असू शकते. अशा वेळी चूक कमीत कमी व्हावी म्हणून मशीन मधला रंग निवडतं, आणि सगळ्या रंगांच्या मधला रंग मातकट असतो. यावर बर्कलीवाल्यांनीच उपाय काढले, तरी खोड पूर्ण गेलेली नाही. त्यातून शिकवणीचे फोटो बहुतेक अमेरिका-युरोपातले. तिथे कुंकू नाही, खण नाही, फेटा नाही.

दोन नमुने सांगतो. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात भरतो तेव्हा घटप्रभेचं पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं असतं. जुन्या फोटोतला धबधबा कुठल्याही ॲपमध्ये घाला, निळसर-पांढरा निघेल. सुंदर दिसेल, पण तो गोकाकचा असणार नाही.

दुसरा नमुना जास्त गंभीर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आमच्याकडे आज्जा किंवा पणजोबाचा खाकीतला फोटो नसलेलं गाव विरळा. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या माणसाच्या छातीवर पदकांच्या रंगीत रिबिनी असतात. ॲप त्या सगळ्या खाकी नाहीतर तपकिरी करून टाकतं. वास्तविक या एका बाबतीत अंदाजाची गरजच नाही, कारण रिबिनींचे रंग नक्की आहेत. इटली स्टार : लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच सारखे पट्टे. बर्मा स्टार : मध्ये रुंद लाल, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्यात एकेक नारिंगी रेघ. आफ्रिका स्टार : वाळूच्या रंगावर मध्ये लाल, एका अंगाला गडद निळी रेघ, दुसऱ्या अंगाला फिक्कट निळी. चांगला स्कॅन असेल तर भिंगाखाली पट्टे मोजता येतात आणि माणूस कुठल्या आघाडीवर होता ते कळतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतल्या लढाईत. तेव्हा आज्जा इटलीत होते की ब्रह्मदेशात, हे घरात कुणाला आठवत नसेल तर छातीवरची ती बोटभर चिंधी सांगू शकते. ॲपने ती खाकी केली, की तेवढा कागदोपत्री पुरावाही गेला.

चेहऱ्याची गोष्ट तर याहून नाजूक. २०२१ मध्ये कंबोडियाच्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो एका आयरिश रंगकाराने रंगवले, आणि काहींच्या चेहऱ्यावर हसू आणलं. मारून टाकण्याआधी काढलेले फोटो ते. कंबोडिया सरकारने निषेध केला आणि छापणाऱ्यांना लेख काढून घ्यावा लागला. आपल्याकडे १७ जानेवारी १९५६ चे आणि १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे हुतात्मे आहेत. आजकालची ॲपं रंग देताना चेहराही ‘सुधारतात’ : डोळे मोठे, कातडी गुळगुळीत, ओठ जरा वर. बेळगावजवळ हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाजवळ लावायच्या बॅनरवर असा चेहरा छापला तर घरच्यांनी तो ओळखायचा कसा? मला विचाराल तर हुतात्म्यांचे फोटो रंगवूच नयेत. रंगवायचेच असतील तर चेहरा सुधारायचं बटण बंद ठेवावं आणि खाली ‘रंग नंतर दिले’ असं मराठीत लिहावं.

या फोटोंची आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. यातले कित्येक आज उरले आहेत ते वर्तमानपत्राच्या कात्रणात, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांत. मशीन त्या ठिपक्यांनाच कापडाचा पोत समजतं आणि सदऱ्यावर नसलेली नक्षी काढतं. म्हणून रंगाच्या आधी मूळ प्रिंट किंवा निगेटिव्ह शोधायला हवी : जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर, पेपरच्या कचेरीत, कार्यकर्त्यांच्या घरी. १९८६ पुरतं काम त्यातल्या त्यात सोपं. पेपर तेव्हा कृष्णधवल छापत, पण लग्नाचे, बारशाचे, गणपतीचे फोटो लोक रंगीत काढू लागले होते. त्याच गल्लीतले, त्याच माणसांचे, त्याच सदऱ्यांतले. लालसर झाले असले तरी त्यांतला उडालेला रंग स्कॅन करून बराचसा परत आणता येतो. १ जूनचा एखादा फोटो रंगवायचा असेल, तर त्या वर्षीचे आल्बम आधी मागून आणावेत.