यादीत यादी, पण दिसण्यापुरती

वर्डप्रेसमध्ये, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मेन्यू लावताना एखादं पान दुसऱ्याच्या पोटात घ्यायचं असेल, तर ते माऊसने धरून जरा उजवीकडे सरकवायचं, की झालं. २०१० च्या ३.० आवृत्तीत ही सोय आली. पडद्यावर यादीत यादी दिसते. कोडमध्ये मात्र ती एकच सपाट यादी आहे. प्रत्येक नोंदीला तिची पातळी सांगणारा क्लास (कोडमधली खूणचिठ्ठी), आणि दर पातळीला ३० पिक्सेलचा समास. हा आडमार्ग का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ब्राउझरमधलं ड्रॅग अँड ड्रॉप, म्हणजे धरून ओढणं आणि सोडणं, मूळचं मायक्रोसॉफ्टचं, १९९९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधलं. एचटीएमएल५ या वेबपानांच्या प्रमाणभाषेने पुढे तेच स्वीकारलं, खोडींसकट. एखाद्या जागी वस्तू टाकू द्यायची, तर आधी तिथलं ड्रॅगओव्हरचं (वस्तू वरून ओढली जात असतानाचं) मूळ वर्तन रद्द करायचं, असा उलटा कारभार! एक्सप्लोररला ९ व्या आवृत्तीपर्यंत ‘ड्रॅगेबल’ हा वस्तू ओढता येते असं सांगणारा गुणधर्मच कळत नव्हता. ब्राउझरांचे अभ्यासक पीटर-पॉल कॉख यांनी २००९ मध्ये या साऱ्याला सरळ ‘आपत्ती’ म्हटलं. मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

त्याआधीच स्क्रिप्टॅक्युलस (२००५) आणि जेक्वेरी यूआय (२००७) या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांनी, म्हणजे तयार कोडच्या संचांनी, ती वाट सोडली आणि माऊस दाबला, हलला, सुटला एवढ्यावरच काम भागवलं. त्यातही माऊसच्या डाव्या बटणाचा क्रमांक जुन्या एक्सप्लोररमध्ये १, इतरत्र ०. ओढताना मजकूर निवडला जाऊ नये म्हणून प्रत्येक ब्राउझरची वेगळी मनधरणी.

साध्या यादीचं एवढ्यावर निभावलं. यादीत यादी आली की खरी पंचाईत. रिकाम्या उपयादीला उंचीच नसते, मग तिच्यात टाकायचं कुठे? माऊस उपयादीवर असतो तेव्हा तो तिच्या आईच्या यादीवरही असतोच. नोंद कुणाची धरायची? आणि कुणी आईलाच लेकीच्या पोटात टाकू लागलं, तर ते अडवायचं.

वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या सॉफ्टवेअरच्या ६ व्या आवृत्तीने २००८ मध्येच यावर तोडगा काढला होता: तक्त्याच्या ओळी सपाट ठेवायच्या, उभ्या हालचालीवरून क्रम ठरवायचा आणि आडव्या हालचालीवरून पातळी. शून्य उंचीच्या उपयादीचा प्रश्नच उरला नाही, कारण उपयादीच नव्हती. वर्डप्रेसची सपाट यादीही याच वळणाची. शिवाय ड्रुपलमध्ये हे कीबोर्डच्या बाणांनीही चालायचं. पुढच्या कितीतरी देखण्या लायब्रऱ्यांना एवढंही सुचलं नाही.