सिंगसाँग घड्याळे

सिंगसाँग घड्याळे : चिनी दरबार आणि कँटनची (ग्वांगजौ) बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून, मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये घडवलेली अलंकृत, संगीतमय व कळसूत्री घड्याळे. वेळ दाखवणे हे त्यांचे दुय्यम काम. हत्ती, मनोरे, फुलदाण्या यांच्या गर्दीत तबकडी कित्येकदा शोधावी लागते.

नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. चिनी भाषेत घड्याळाला ‘त्झमिंगचुंग’ (आपोआप वाजणारी घंटा) म्हणत. त्याचाच अपभ्रंश ‘सिंगसाँग’ झाला, असे एक मत आहे. मात्र कँटनच्या पिजिन इंग्रजीत (व्यापारासाठी वापरली जाणारी मोडकी, मिश्र इंग्रजी) हाच शब्द चिनी संगीतनाटकांसाठीही रूढ होता. त्यामुळे गाणे-बजावणे या अर्थाचा इंग्रजी शब्दच घड्याळांना चिकटला असावा, हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. चिनी नावाच्या उच्चारसाम्याने त्याला बळ मिळाले असेल.

यूरोपीय घड्याळे चिनी दरबारी पोहोचली ती सिंगसाँग घड्याळांच्या बरीच आधी. जेझुइट धर्मप्रचारक मात्तेओ रिच्ची याची घड्याळे 1601 मध्ये वान-ली सम्राटाला नजर करण्यात आली. पुढे शांघायचे घड्याळजी रिच्चीला आपल्या व्यवसायाचे दैवत मानू लागले.

या यंत्रांत वेळ, संगीत व हालचाली यांची दंतचक्रे बहुधा स्वतंत्र असत. फिरत्या नळकांड्यावरील खिळे छोट्या हातोड्या उचलत व त्या घंटांवर पडून धून उमटे. पिळदार काचेच्या कांड्या फिरवून धबधब्याचा भास निर्माण केला जाई. मुलामा सोन्याचा असला, तरी चमकणारी ‘रत्ने’ पुष्कळदा रंगीत काचेचीच असत.

ही घड्याळे नेमकी कोणी घडवली, हा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. या व्यापारातील अग्रणी जेम्स कॉक्स (सु. 1723–1800) हा मुळात जवाहिऱ्या व उद्योजक, त्याच्या नावावरची कामे अनेक कारागिरांच्या हातून उतरली. त्याच्या प्रसिद्ध रुपेरी हंसाची यंत्ररचना जॉन जोसेफ मर्लिनची मानली जाते. तबकडीवरील नाव म्हणजे निर्माता, असे म्हणूनच धरता येत नाही. बेजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील, टिमोथी विल्यमसनचे नाव असलेल्या 231 सेंमी. उंच घड्याळात एक बाहुली कुंचल्याने आठ चिनी अक्षरे लिहिते. आठही दिशा सम्राटापुढे नमतात, असा त्यांचा आशय. तिची यंत्रणा स्वित्झर्लंडच्या झाके-द्रो कार्यशाळेची असावी, असे काही अभ्यासक सुचवतात. त्या कार्यशाळेने 1774 मध्ये दाखवलेल्या लिहिणाऱ्या बाहुलीशी असलेले साम्य पाहता ते अशक्य नाही.

कँटनच्या जकात अधिकाऱ्याला (होप्पो) आणि वरिष्ठांना नजराणे म्हणून अशा वस्तू लागत. त्यांचा भुर्दंड हाँग व्यापाऱ्यांवर (परदेशी व्यापाराचा परवाना असलेल्या चिनी व्यापाऱ्यांवर) पडे. छ्येन-लुंग सम्राट (कारकीर्द 1735–96) त्यांचा मोठा शौकीन होता. राजवाड्यात घड्याळांची स्वतंत्र कार्यशाळा होती आणि कँटनमध्येही मीनाकाम केलेली घड्याळे बनू लागली. 1793 मध्ये आलेला ब्रिटिश राजदूत मॅकार्टनी याला जेहोल (सम्राटाचे उन्हाळी निवासस्थान) येथील उद्यानमंडपांत अशा कळसूत्री वस्तूंचा एवढा संग्रह दिसला, की आपल्या भेटी फिक्या पडतील असे त्याला वाटले.

बाजार मात्र त्याआधीच तुंबला होता. न खपलेला माल कॉक्सने लंडनमधील आपल्या संग्रहालयात मांडला व संसदेच्या खास कायद्यान्वये सोडतीत काढला. तरीही 1778 मध्ये त्याचे दिवाळे निघाले. उरलेली घड्याळे विकण्यास त्याचा मुलगा जॉन हेन्री 1781 मध्ये कँटनला गेला आणि तेथे अन्य व्यापारातही शिरला. त्याची पेढी भागीदार बदलत मॅग्नियाक (हे घराणेही मूळचे लंडनच्या घड्याळजींचे) यांच्याकडे आली व 1832 मध्ये जार्डिन मॅथेसन झाली. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई ज्या विल्यम जार्डिनशी अफूचा व्यापार करीत, तो याच पेढीचा.