टास्कोसा गोळीबाराने ओस पडलं? छे!
टेक्सासमधलं टास्कोसा हे गाव गुंडांच्या गोळीबाराने ओस पडलं असं कितीतरी वर्षं सांगितलं जातंय, पण तसं नाहीये. १८८६ च्या मार्चमध्ये एका रात्री चार जण मेले हे खरं, बिली द किड हा कुख्यात गुंडही तिथे घोडे विकून गेलेला, पण गाव त्यानंतरही चालूच होतं की! खरा घात केला काटेरी तारेने, मोठ्या रँचवाल्यांनी कुरणांना कुंपणं घातली, गुरं हाकत न्यायच्या वाटाच बंद, त्यात १८८७ ला रेल्वे आली ती नेमकी नदीपलीकडून, मग १८९३ चा पूर, आणि १९१५ ला कौंटीचं मुख्यालयही वेगा नावाच्या गावाला गेलं. पण यात पिस्तूल नाही ना, मग कोण सांगणार? फ्रेंची मॅककॉर्मिक ही म्हातारी मात्र १९३९ पर्यंत तिथे एकटीच राहिली, आणि त्याच साली तिथे गरजू मुलांसाठी बॉइज रँच सुरू झालं.