लाकडाने घुमावे, पण शिट्टी नको
इलेक्ट्रो-अकूस्टिक, म्हणजे पोकळ लाकडी पण स्पीकरला जोडता येणाऱ्या गिटारचा इतिहास म्हणजे एक न मिटलेले भांडण आहे. गिटार गोड वाजायची तर तिची वरची पाटी, म्हणजे टॉप, पातळ आणि मोकळा हवा. पण असा टॉप स्टेजवर स्पीकरच्या आवाजानेही थरथरतो, पिकअप, म्हणजे कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग, ती थरथर परत स्पीकरकडे धाडतो आणि शिट्टी, म्हणजेच फीडबॅक, सुरू होते.

टॉपचे मोल वीज येण्याआधीच ठाऊक होते. स्पेनच्या आन्तोनियो दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदी लगद्याच्या केल्या, टॉप मात्र स्प्रूस लाकडाचा ठेवला. गिटार वाजली! रोझवूडच्या पाठीवर भाळण्याआधी टॉप सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेल्या अखंड लाकडाचा, आहे का ते पाहावे, असे मला वाटते ते यामुळेच.

१९३०च्या दशकात साउंडहोलवर, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकावर, बसवायचे चुंबकी पिकअप आले. त्यांना पोलादी तारेची हालचाल कळे, लाकडाची फारशी नाही. गिब्सनने १९५४ मध्ये आणलेल्या जे-१६०ई मध्ये पिकअप अंगचाच होता. शिट्टी टाळण्यासाठी या मॉडेलला प्लायवूडचा टॉप आणि आतून आडव्या पट्ट्या दिल्या गेल्या. थोडक्यात, आवाज मोठा करण्यासाठी लाकडालाच गप्प केले.

वाट बदलली ती पिएझो पिकअपमुळे. स्फटिकावर दाब पडला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले होते. गिटारला त्याचा खरा उपयोग व्हायला जवळपास नव्वद वर्षे गेली. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांच्या ओव्हेशन कंपनीची फायबरग्लासची गोलसर पाठ गाजली. पण माझ्या मते तिची मोठी देणगी म्हणजे १९७०च्या आसपास सॅडलखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, आलेला पिएझो आणि गिटारच्या पोटात बसवलेला प्रीअँप, म्हणजे सिग्नल सावरणारे छोटे सर्किट. पिएझोचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध, फार मोठा असतो. त्याला साध्या इनपुटला जोडले की खर्ज गळून जातो आणि आवाज किरटा होतो. बॅटरीवर चालणारा प्रीअँप हा सिग्नल केबलमध्ये शिरण्याआधीच सावरतो.

तरी जोरात वाजवले की पिएझो बदकासारखे ‘क्वॅक’ करतोच. टेलर कंपनीने २०१४ मध्ये सेन्सर सॅडलखालून काढून त्याच्या मागे नेले, कारण तारेमुळे सॅडल पुढेमागेही डुलतो. इतरांनी आत छोटा माइक बसवून दोन्ही आवाज मिसळले, म्हणजे फीडबॅकला पुन्हा आमंत्रण. शिट्टीची नेमकी पट्टी कापणारा नॉच फिल्टर आणि फेज बदलणारे, म्हणजे सिग्नलची लहर उलटी करणारे, बटण आता कित्येक प्रीअँपमध्ये असते. रबरी चकतीने साउंडहोल बुजवण्याचा उपायही टिकून आहे, कारण पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते आणि शिट्टी पुष्कळदा तिथूनच उठते.