हाउलंडची बायको कुणाची मुलगी?

मेफ्लॉवर जहाजातून १६२० साली अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या १०२ प्रवाशांत जॉन हाउलंड काही मानकरी नव्हता. जॉन कार्व्हर या वजनदार गृहस्थाचा तो नोकर. वाटेत वादळ चालू असताना हा वर डेकवर आला आणि थेट समुद्रात फेकला गेला. पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला म्हणून वाचला. या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा पुढे अनेक वर्षे गव्हर्नर असलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आज या नोकराचा वंशविस्तार अफाट आहे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, दोन्ही जॉर्ज बुश, विचारवंत इमर्सन, नट हम्फ्री बोगार्ट ही त्यातली ठळक नावे. एवढे मोठे गोत असल्यावर मूळपुरुषाचा शोध कसून घेतला जाणारच. पण या शोधात खरा घोळ झाला तो त्याच्या बायकोच्या माहेराचा.

घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की हाउलंडने कार्व्हरची मुलगी केली. कुणी नात म्हणत. कार्व्हर हा वसाहतीचा पहिला गव्हर्नर. १६२१च्या वसंतात तो वारला आणि पाच-सहा आठवड्यांत त्याची बायकोही गेली. नोकर मालकाचा जावई झाला, ही गोष्ट सांगायला गोड आणि ऐकायलाही. वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत हाउलंडच्या नावाचा दगड उभारला, तेव्हा त्यावरही हेच नाते कोरले. नोकराचे खापरपणतू म्हणवून घेण्यापेक्षा गव्हर्नरचे म्हणवून घेणे कुणाला नको असते?

पुरावा मात्र कुठेच नव्हता. त्या काळचे जे कागद होते त्यात बाईचे माहेर लिहायची पद्धत नव्हती. २२ मे १६२७ रोजी वसाहतीतली गुरे वाटून दिली, तेव्हाची यादी पाहा. बारा गट, प्रत्येकात तेरा माणसे. चौथ्या गटाचा प्रमुख जॉन हाउलंड. सोबत बायको एलिझाबेथ, मुलगा जॉन, मुलगी डिझायर, शिवाय ऑल्डन कुटुंब आणि इतर काही जण. या तेराजणांच्या वाट्याला जेकब जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी एक आली. कालवडीचे नावसुद्धा यादीत आहे, ‘रॅगहॉर्न’. एलिझाबेथ कुणाची मुलगी, हे नाही.

याचे उत्तर ब्रॅडफर्डने लिहून ठेवले होते, पण ते हस्तलिखितच गायब होते. त्याने वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहिला होता. ती वही घराण्यातून बोस्टनच्या थॉमस प्रिन्स या पाद्र्याकडे आली आणि ओल्ड साउथ चर्चच्या मनोऱ्यातल्या त्याच्या ग्रंथसंग्रहात राहिली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात बोस्टन इंग्रज फौजेच्या ताब्यात होते आणि त्या धामधुमीतच ती नाहीशी झाली असावी. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी ती गेलीच असे धरले होते. १८४४ साली इंग्लंडमध्ये अमेरिकेतल्या चर्चचा एक इतिहास छापला गेला. फुलहॅमच्या वाड्यातल्या, म्हणजे लंडनच्या बिशपच्या संग्रहातल्या एका हस्तलिखितातले उतारे त्यात होते. १८५५ साली बोस्टनकडच्या अभ्यासकांच्या लक्षात आले की हे उतारे दुसऱ्या कुणाचे नाहीत, ब्रॅडफर्डचेच आहेत. दुसऱ्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने ग्रंथ छापला. मूळ वही अमेरिकेत परत यायला १८९७ उजाडले.

वंशावळकारांना ग्रंथापेक्षाही शेवटची यादी मोलाची. मेफ्लॉवरवरून कोण कोण आले आणि तीस वर्षांत त्यांचे काय झाले, हे ब्रॅडफर्डने १६५०च्या सुमारास कुटुंबवार मांडले. हाउलंडपाशी तो स्पष्ट लिहितो की त्याने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले, दोघे हयात आहेत, दहा मुले आहेत, सगळी जिवंत, थोरल्या मुलीला चार मुले, दुसरीला एक, एकूण पंधरा. टिलीच्या नावापुढेही तीच नोंद पुन्हा येते: नवरा-बायको किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले, मुलगी हाउलंडला दिली.

आता हा माणूस उगाच आकडे लिहीत नव्हता, हे तपासता येते. थोरली डिझायर ही जॉन गोरहॅमला दिलेली. तिच्या मुलांच्या जन्मनोंदी प्लिमथ आणि मार्शफील्डच्या दफ्तरात मिळतात: १६४४, १६४६, १६४८ आणि १६५०. चार पुरी. दुसरी होप, चिपमनांच्या घरची. तिचे पहिले मूल १६४७चे आणि दुसरे १६५२चे. म्हणजे यादी लिहिली तेव्हा एकच. एवढा ताळा जमल्यावर त्याच यादीतले ‘टिलीची मुलगी’ हे शब्द नाकारायला जागा उरत नाही.

तरी काहींनी जागा काढलीच. एलिझाबेथ टिलीची तर टिलीची, पण तिची आई कार्व्हरची मुलगी असेल, म्हणजे गव्हर्नर आजोबा तरी राहतील! दुसरीकडे मेफ्लॉवरवरचे बरेच जण आधी जिथे राहत होते त्या हॉलंडमधल्या लायडनच्या दफ्तरात १६१५ साली लग्न केलेला एक जॉन टिली सापडला, तोच हा असे धरून त्याची डच बायको काही वंशावळींत चिकटवली गेली. नाव जुळले की माणूस जुळला, हा या विद्येतला सगळ्यात जुना रोग आहे आणि तो कोणत्याही देशातल्या घराण्याला सुटलेला नाही.

हा वाद १९७६ साली मिटला. बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या नोंदवहीत टिली कुटुंब सापडले. जॉन टिलीने १५९६ साली तिथे जोन रॉजर्स या विधवेशी लग्न केले होते. तिचे माहेरचे आडनाव हर्स्ट. आणि ३० ऑगस्ट १६०७ रोजी मुलगी एलिझाबेथचा बाप्तिस्मा झाला होता. म्हणजे अमेरिकेत आई-बाप, काका-काकू सगळे पहिल्याच हिवाळ्यात गेले तेव्हा ती तेरा वर्षांची. कार्व्हर दांपत्याने तिला आपल्या घरात ठेवून घेतले असावे आणि ‘कार्व्हरच्या घरची’ची पुढे ‘कार्व्हरची’ झाली असावी, असे मला वाटते. खुद्द कार्व्हरचा वंश पुढे चाललेला नाही. दफनभूमीतला दगडही दरम्यान बदलला. नव्यावर टिलीचे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकात हा शोध चालला होता त्याच काळात अमेरिकेत वंशावळीचा बाजार तेजीत होता. बोस्टनची ऐतिहासिक वंशावळ संस्था १८४५ची. तिचे त्रैमासिक १८४७पासून आजतागायत चालू आहे. १८९०च्या दशकात मात्र वेगळेच वारे सुटले. जहाजे भरभरून इटालियन, ज्यू, पोलिश लोक न्यूयॉर्कला उतरत होते आणि जुन्या घराण्यांना आपले जुनेपण दाखवायची घाई झाली होती. मेफ्लॉवर वंशजांची राष्ट्रीय संस्था आणि हाउलंड वंशजांची स्वतंत्र संस्था, दोन्ही १८९७च्या. मागणी आली तसे ठगही आले. गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने श्रीमंत घराण्यांना पैसे घेऊन भरघोस वंशावळी लिहून दिल्या, त्यात खरे कागद आणि मनचे कागद बेमालूम मिसळलेले. त्याने पेरलेले खोटे पूर्वज आजही लोकांच्या वंशवृक्षांत हिरवेगार आहेत.

याच हाउलंडच्या वंशात मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ येतो. पूर्वजांचा शोध हे त्या पंथात धर्मकार्यच मानतात. त्यांच्या युटामधल्या संस्थेने जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) घेतली, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीसुद्धा.

हाउलंडच्या मुलींच्या सासरची नावे पक्की करायला त्याचे मृत्युपत्र कामी येते. २९ मे १६७२चे. गोरहॅम, चिपमन, डिकन्सन, ब्राउन, बॉसवर्थ, कुशमन अशा सहाही मुलींची नावे सासरच्या आडनावानिशी, प्रत्येकीला वीस शिलिंग. तो वारला फेब्रुवारी १६७३ला, पण कागदावर १६७२/३ असे दिसते, कारण तेव्हा इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला लागे आणि ही दुहेरी लिखावट १७५२पर्यंत पुरते. नवख्याचे इथे हमखास एक वर्ष चुकते.

आज पहिल्या पाच पिढ्यांचे काम मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने छापून ठेवले आहे, त्यामुळे सतराव्या शतकात आता कुणी फारसे अडत नाही. अडतात ते १७८० ते १८५०च्या पट्ट्यात. स्वातंत्र्ययुद्धानंतर माणसे मॅसॅच्युसेट्स सोडून व्हरमाँट, न्यूयॉर्क, ओहायोकडे गेली. तिथे जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदी कित्येक दशके नव्हत्या. जनगणनेत १८५०च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत, बाकीचे सगळे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. अशा वेळी शोधणारे जमिनीची खरेदीखते पाहतात, आणि सैनिकांच्या विधवांचे पेन्शनचे अर्ज. लग्न झाल्याचा दाखला नसलेल्या विधवांनी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नांची पाने फाडून अर्जाला जोडली होती. अशी पाने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या फायलींतच आहेत, आणि काही कुटुंबांपुरती त्या दोन पिढ्यांना जोडणारी तेवढी एकच नोंद उरली आहे.