चार पत्रे उडाले म्हणजे अख्खं छप्पर गेलं?
वळवाचं वादळ झालं की सिन्नर-निफाडकडे हमखास ऐकू येतं, 'चार पत्रे उडाले ना, आता सगळंच नवं घाला.' बहुतेकदा त्याची गरज नसते. वारा पत्र्याला दाबण्यापेक्षा वर उचलतो, आणि ही ओढ कडेला, कोपऱ्यांत सर्वाधिक. म्हणून वळचणीचे पत्रे आधी सुटतात. मधले अनेकदा धडधाकट राहतात. खालचा सांगाडा पाहा. अँगल सरळ, वेल्डिंग शाबूत, वासे न कुजलेले असतील तर गेलेले पत्रे, ते सांगाड्याला धरणारे जे-बोल्ट (आकड्यासारखे वाकवलेले बोल्ट) आणि वॉशर बदलून भागतं. सांगाडाच वाकलाय, किंवा उरलेले पत्रे भोकांभोवती गंजून फाटलेत? मग डागडुजी म्हणजे पैसे पाण्यात. इगतपुरीच्या पावसात तर नक्कीच. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर मात्र चढू नका. आणि हो, पंचनाम्याआधी फोटो काढून ठेवा.